अपडेट करू नकोस, भावा!

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी मित्र असतोच. त्याच्या पीएस फोरवर ‘नवीन सिस्टीम सॉफ्टवेअर उपलब्ध आहे’ ही सूचना कित्येक महिने येतेय आणि तो ती दर वेळी बंद करतो. त्याच्या घरी खेळायला गेलात आणि चुकून तुमचा हात त्या बटणाकडे गेला, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘अपडेट करू नकोस, भावा!’’

आपल्याला तर सगळे उलटं सांगतात. बँक सांगते, फोन सांगतो, कॉलेजचा आयटीवाला सांगतो, की अपडेट करा. मग हा पठ्ठ्या अडून का बसलाय? कारण तो वाट बघतोय. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात कुणीतरी त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या तीन-चार चुका शोधेल, त्या एकमेकींना जोडेल आणि सोनीने बंद केलेला दरवाजा उघडेल. या जोडकामाला सुरक्षा क्षेत्रात ‘एक्स्प्लॉइट चेन’ म्हणतात. चुकांची साखळी.

या साखळीवरून सध्या मोठं भांडण चालू आहे. मे २०२५ मध्ये, म्हणजे ‘स्विच टू’ बाजारात यायच्या महिनाभर आधी, निन्टेंडोने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या करारात बदल केला. कन्सोलशी छेडछाड केलीत, तर तो अंशतः किंवा पूर्णपणे, कायमचा निकामी करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे घेतला. तुम्ही पैसे मोजून आणलेला डबा, तुमच्याच घरात, कंपनी दुरून बंद पाडू शकते. जूनमध्ये स्विच टू आला आणि गेमच्या नकला चालवणारं कार्ड वापरणाऱ्यांचे कन्सोल ऑनलाइन सेवेतून बाद व्हायला लागले. त्याच वर्षी ‘लॅप्स’ नावाची एक फट जाहीर झाली. तिने पीएस फोर आणि पीएस फाइव्ह या दोन्हींच्या ठरावीक जुन्या आवृत्त्या उघड्या पडल्या.

कंपनी म्हणते, आम्ही चोरी थांबवतोय. काही गेमर म्हणतात, वस्तू आमची आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण बाजू घेण्याआधी हे कुलूप नेमकं उघडतं कसं, ते बघू. कारण हेच कुलूप तुमच्या खिशातल्या फोनलाही आहे.

सोसायटी, सेक्रेटरी आणि शिक्का

गेम कन्सोल म्हणजे कडक नियमांची हाउसिंग सोसायटी समजा. पहिला नियम असा, की आत येणाऱ्या प्रत्येकाकडे कंपनीचा शिक्का हवा. हा शिक्का म्हणजे डिजिटल सही. सही नसलेला प्रोग्रॅम कन्सोल चालवतच नाही. लॅपटॉपवर तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर टाकू शकता, कन्सोलवर नाही, तो फरक इथे आहे.

शिक्का असला तरी सगळ्यांना सगळीकडे प्रवेश नसतो. ब्राउझर, गेम, ब्लू-रे प्लेअर हे पाहुणे. त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्येच बसायचं. सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या सेक्रेटरीकडे. हा सेक्रेटरी म्हणजे ‘कर्नेल’, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. काही कन्सोलमध्ये सेक्रेटरीवरही नजर ठेवणारा एक असतो, आपल्याकडे सहकार खात्याचा उपनिबंधक असतो तसा. त्याला ‘हायपरवायझर’ म्हणतात. आणि या सगळ्याच्या खाली पाया असतो, तो म्हणजे ‘बूट रॉम’. कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला, कन्सोल सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटासा प्रोग्रॅम. तो नंतर बदलता येत नाही.

आता बाहेरच्या माणसाला सोसायटीचा ताबा घ्यायचाय. एका धक्क्यात ते जमत नाही. आधी हॉलमध्ये घुसायचं, मग ऑफिस शोधायचं, मग सेक्रेटरीला गंडवायचं, मग उपनिबंधकाला. प्रत्येक पायरीला वेगळी चूक लागते. सुटी घेतली तर यातली एखादी चूक अगदी मामुली असते. ब्राउझर बंद पडतो, तुम्ही वैतागता, पुन्हा सुरू करता, विषय संपला. तीच चूक पुढच्या चुकीला जोडली की खरी गंमत सुरू होते.

साखळी कशी ओवतात?

पीएस फोरवर बराच काळ पहिली कडी होती ब्राउझर. वेब पान दाखवणारं ‘वेबकिट’ हे इंजिन प्रचंड मोठं आणि गुंतागुंतीचं आहे, त्यामुळे त्यात चुका सापडत राहतात. त्यातला एक नेहमीचा प्रकार हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. एका मुलाने खोली सोडली, पण किल्ली परत केली नाही. रेक्टरने ती खोली नव्या मुलाला दिली. आता जुना मुलगा मध्यरात्री येऊन नव्याच्या कपाटात हात घालू शकतो. प्रोग्रॅमचंही तेच होतं. मेमरीतली जागा मोकळी केली, पण तिचा जुना पत्ता कुठेतरी वापरात राहिला. त्या जागी हल्लेखोर आपला माल आणून ठेवतो.

म्हणजे हॉलमध्ये शिरकाव झाला. आता स्वतःचा प्रोग्रॅम चालवायचा, तर शिक्का नाही. इथे एक जुनी युक्ती कामी येते. हिंदी सिनेमातली खंडणीची चिठ्ठी आठवा. वर्तमानपत्रातले छापील शब्द कापून चिकटवलेली. प्रत्येक शब्द वर्तमानपत्राचाच, मजकूर मात्र अपहरणकर्त्याचा. हल्लेखोर तसंच करतो. कन्सोलमध्ये आधीपासून असलेल्या, कंपनीनेच शिक्का मारलेल्या कोडचे बारीक तुकडे तो आपल्याला हव्या त्या क्रमाने चालवतो. नवा कोड एक ओळही आणलेला नसतो.

यावर उपाय म्हणून कंपन्यांनी पत्ते पिसायला सुरुवात केली. कन्सोल सुरू झाला की दर वेळी मेमरीतल्या वस्तूंच्या जागा बदलतात. ऑफिस आज तिसऱ्या मजल्यावर, तर उद्या सातव्या. त्यामुळे साखळीत आणखी एक कडी वाढली. आधी कुठून तरी आजचा पत्ता फोडायचा. त्यानंतर कर्नेलमधली चूक. पीएस फाइव्हवर त्याच्याही वर हायपरवायझर.

आता साधा गुणाकार करा. चार कड्या आहेत आणि प्रत्येक कडी दहापैकी आठ वेळा चालते असं धरलं, तर पूर्ण साखळी दहापैकी जेमतेम चार वेळा चालेल. तुमचा मित्र कन्सोल तीन-तीनदा रीस्टार्ट का करतो, ते आता कळलं असेल. आणि पीएस फोरवरच्या बहुतेक साखळ्या पायापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे कन्सोल बंद केला की सगळं पुसलं जातं, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

साखळीची एक कडी कंपनीने दुरुस्त केली की अख्खी साखळी तुटते. अपडेटला एवढं महत्त्व आहे ते यासाठी. पण कड्या बदलताही येतात. ब्राउझरचा रस्ता बंद झाला, तर ब्लू-रे डिस्कवरच्या जावा प्रोग्रॅममधून शिरायचं, नाही तर एखाद्या गेमच्या सेव्ह फाइलमधून. आतली कर्नेलची फट तीच, पुढचं दार फक्त वेगळं.

घोड्याचं नाव फार लांब झालं

हे सगळं एखाद्या अतिहुशार माणसाचं जादूचं काम वाटत असेल, तर थोडा इतिहास बघू. कन्सोलच्या जगातल्या बऱ्याच प्रसिद्ध चुका आपण परीक्षेत करतो तसल्या आहेत. उत्तर तपासलं, पण अर्धंच.

२००८ मध्ये निन्टेंडोचा ‘वी’ कन्सोल उघडला गेला तो एका घोड्यामुळे. ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये नायकाच्या घोड्याला नाव देता येतं. गेममध्ये टाइप करताना अक्षरांची मर्यादा होती. पण सेव्ह फाइलमधून नाव परत वाचताना ते किती लांब आहे, हे कुणी मोजलंच नव्हतं. मग कुणीतरी सेव्ह फाइलमध्ये घोड्याला भलंमोठं नाव दिलं. ते आपल्या जागेत मावलं नाही, शेजारच्या मेमरीत सांडलं आणि त्या सांडलेल्या भागातच हल्लेखोराचा कोड होता.

एक्सबॉक्स ३६० ची गोष्ट तर साखळीचा उत्तम नमुना आहे. मायक्रोसॉफ्टने त्यात चांगला हायपरवायझर बसवला होता. पण ‘किंग काँग’ या गेमच्या डिस्कवर पडद्यावरची चित्रं रंगवणाऱ्या ज्या छोट्या फाइल्स होत्या, त्यांच्यावर शिक्का नव्हता. चित्रंच तर आहेत, त्यात काय एवढं? ही झाली पहिली कडी. दुसरी कडी हायपरवायझरमध्येच होती. सेवा मागणाऱ्याचा क्रमांक तपासताना त्याने ६४ बिटच्या आकड्याचा अर्धाच भाग पाहिला आणि पुढे उडी मारताना मात्र पूर्ण आकडा वापरला. आधार कार्डाचे शेवटचे चार आकडे बघून आत सोडावं, तसा हा प्रकार. बर्लिनच्या एका परिषदेत २००६ च्या डिसेंबरमध्ये हे दाखवण्यात आलं आणि जानेवारी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने फट बुजवली.

आता पीएस थ्री. त्यात लिनक्स टाकायची सोय सोनीने स्वतःच दिली होती. अमेरिकी हवाई दलाने तर १,७६० पीएस थ्री जोडून संगणन यंत्रणा उभारली होती. एप्रिल २०१० मध्ये सोनीने एका अपडेटमधून ही सोय काढून घेतली. वस्तू विकल्यानंतर तिचा एक गुण परत काढून घेतल्यासारखं हे होतं. त्यानंतर ‘फेलओव्हरफ्लो’ नावाच्या गटाने कंबर कसली आणि डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनमध्येच जे मांडलं, त्यावर सभागृह हसलं. डिजिटल सही करताना दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या वापरावी लागते. सोनीने दर वेळी एकच संख्या वापरली होती. दहावीच्या बीजगणितात दोन समीकरणं आणि दोन अज्ञात असली की उत्तर निघतं ना? तसंच दोन सह्या शेजारी ठेवल्या की सोनीची गुप्त किल्ली बाहेर येत होती. काही दिवसांतच जॉर्ज हॉट्झ या तरुणाने पीएस थ्रीची मुख्य किल्ली जाहीर करून टाकली. सोनीने त्याला कोर्टात खेचलं आणि एप्रिल २०११ मध्ये तडजोड झाल्याचं जाहीर झालं. लिनक्स काढून घेतल्याबद्दल ग्राहकांनी सोनीवर केलेला दावाही पुढे बरीच वर्षं चालून समझोत्यात मिटला.

आणि स्विच. एप्रिल २०१८ मध्ये केट टेमकिन या संशोधिकेने ‘फ्यूझे जले’ ही फट जाहीर केली. ती थेट पायात होती, एनव्हिडियाच्या टेग्रा चिपच्या बूट रॉममध्ये. दुरुस्तीसाठीच्या मोडमध्ये चिप यूएसबीवरून बोलते. समोरच्याने ‘मला इतके बाइट हवेत’ असं सांगितलं, की ती आकडा न तपासता तेवढं कॉपी करत सुटायची. त्या मोडमध्ये जायला उजव्या जॉय-कॉनच्या खाचेतल्या पिना जोडाव्या लागत. त्यासाठी लोकांनी चक्क कागदाला लावायची क्लिप वापरली. त्या मार्चअखेरपर्यंत १ कोटी ७७ लाखांहून जास्त स्विच विकले गेले होते आणि हे सगळे कन्सोल कायमचे उघडे राहिले, कारण कोरलेला पाया अपडेटने बदलत नाही. निन्टेंडोला पुढच्या कन्सोलसाठी चिपच सुधारून घ्यावी लागली.

घोड्याचं नाव, अर्धा आकडा, तीच ती संख्या, न मोजलेली लांबी. ही माणसं ढ नव्हती. कुणीतरी डेडलाइनच्या दिवशी एक ओळ लिहायची विसरलं, एवढंच. लाखो ओळींच्या कोडमध्ये एका ओळीची ही किंमत.

अठरा वर्षं जुनी चूक आणि दोन माणसं

मे २०२४ मध्ये अँडी न्गुयेन या सुरक्षा संशोधकाने पीएस फोरसाठी नवी साखळी जाहीर केली. तिला ब्राउझर लागतच नाही. तुमच्या घरी केबलवाल्याचं ब्रॉडबँड असेल, तर राउटरमध्ये यूझरनेम-पासवर्ड टाकताना ‘पीपीपीओई’ हा शब्द तुम्ही पाहिला असेल. पीएस फोरलाही असं थेट कनेक्शन जोडता येतं. न्गुयेनच्या पद्धतीत लॅपटॉप इंटरनेट कंपनीचं सोंग घेतो आणि कन्सोलला असा निरोप पाठवतो, ज्याच्यावर लिहिलेली लांबी खोटी असते. कन्सोल ती खरी मानतो आणि कर्नेलचीच मेमरी बिघडते. हॉल नाही, लॉबी नाही, थेट सेक्रेटरीचं ऑफिस.

खरी चपराक पुढे आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुकांना जगभर एक नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्यात साल असतं. या चुकीच्या क्रमांकातलं साल होतं २००६. म्हणजे पीएस फोर बाजारात यायच्या सात वर्षं आधी ही चूक जगाला माहीत होती. सोनीची प्रणाली ज्या ‘फ्री-बीएसडी’वर बेतलेली आहे, त्या घराण्यातली ही जुनी चूक. न्गुयेनने आधी सोनीला कळवलं, सोनीने फट बुजवली, त्याला १२,५०० डॉलरचं बक्षीस दिलं आणि मग त्याने सगळं जाहीर केलं. २०२० पासून सोनी अशी बक्षिसं उघडपणे देते. पीएस फोरमधल्या अत्यंत गंभीर चुकीसाठी सुरुवातच ५० हजार डॉलरपासून आहे.

आता दुसरा माणूस. गॅरी बाउझर, कॅनडाचा. (हो, मारिओच्या खलनायकाचंही नाव बाउझरच!) ‘टीम एक्सेक्युटर’ हा गट स्विच उघडण्याची उपकरणं आणि सॉफ्टवेअर विकायचा, त्याचा हा माणूस. गंमत म्हणजे दुसऱ्याचं कुलूप तोडून विकणाऱ्या या गटाने आपल्या सॉफ्टवेअरला मात्र कुलूप लावलं होतं. कुणी त्याच्याशी छेडछाड केली तर कन्सोलच लॉक करणारा कोड त्यात सापडला होता. बाउझरला २०२० मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अटक झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सिएटलच्या कोर्टाने त्याला ४० महिन्यांची शिक्षा सुनावली. निन्टेंडोला द्यायची रक्कम दोन खटल्यांत मिळून १ कोटी ४५ लाख डॉलर. सात वर्षांत या धंद्यातून त्याची कमाई झाली होती सुमारे ३ लाख २० हजार डॉलर. २०२३ मध्ये तो लवकर सुटला, पण दर महिन्याच्या कमाईतून निन्टेंडोचा हिस्सा कापला जाणं काही थांबलेलं नाही.

चुका दोन्हीकडे त्याच जातीच्या. एकाने कळवलं, थांबला, मग जाहीर केलं. दुसऱ्याने दुकान मांडलं. तुमच्यापैकी ज्यांना या विषयात शिरायचंय, त्यांनी ही दोन नावं शेजारी शेजारी लिहून ठेवा.

तुमच्या फोनची गोष्ट

‘आपल्याकडे कन्सोलच नाही, आपल्याला काय?’ असं कुणी म्हणत असेल, तर थांबा. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना आयफोनवर एक एसएमएस आला. त्यात लिंक होती. त्यांनी ती न उघडता टोरोंटोच्या ‘सिटिझन लॅब’कडे पाठवली. लिंकच्या मागे तीन कड्यांची साखळी निघाली. पहिली वेबकिटमधली चूक, दुसरी कर्नेलचा पत्ता फोडणारी, तिसरी कर्नेलचा ताबा घेणारी. शेवटी आत येणार होतं पेगॅसस. तेच पेगॅसस, ज्याच्यावरून २०२१ मध्ये आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली.

ॲपलने लगेच अपडेट काढलं. आणि मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचा नवाकोरा स्विच बाजारात आला, तेव्हा त्याच्या वाय-फाय लॉगिनपुरत्या वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये वेबकिटची तीच जुनी चूक जशीच्या तशी होती! आयफोन उघडण्यासाठी लिहिलेला कोड थोडासा बदलून स्विचवर चालवून दाखवला गेला.

हेरगिरीचं महागडं हत्यार आणि मुलांचं खेळणं, दोघांची पहिली कडी एकच. कारण फोन, टीव्ही, कन्सोल, गाडीचा स्क्रीन, सगळ्यांच्या आत तेच मोजके सुटे भाग असतात. एका ठिकाणी दुरुस्त झालेली चूक दुसऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. कन्सोल उघडणारी मुलं हे फुकटात दाखवून देतात. हेरगिरी करणारे दाखवत नाहीत, गुपचूप वापरतात.

म्हणून फोनच्या बाबतीत मित्राचं मुळीच ऐकू नका. अपडेट आलं की करा. तिथे बँक आहे, फोटो आहेत, आईचा ओटीपी आहे.

मग कन्सोल कुणाचा?

खरं बोलूया. आपल्याकडे जेलब्रेक केलेला कन्सोल शोधणाऱ्या बहुतेकांना सुरक्षा संशोधन करायचं नसतं. चार-पाच हजारांचा गेम फुकट हवा असतो. सेकंडहँड बाजारात ‘सगळे गेम टाकून देतो’ म्हणणारे भेटतात. तो सौदा नीट समजून घ्या. असा कन्सोल ऑनलाइन नेला की बॅन होण्याची टांगती तलवार, नवे गेम नवं सॉफ्टवेअर मागतात आणि एकदा अपडेट झालं की मागे येणं जवळजवळ अशक्य. एक्सबॉक्स ३६० आणि स्विचमध्ये तर मोठ्या अपडेटनंतर चिपमधला एक बारीक फ्यूज कायमचा जाळला जातो, जुनी आवृत्ती परत चालू नये म्हणून. शिवाय तुमच्या कन्सोलच्या गाभ्यात आता कुणा अनोळखी माणसाचा कोड बसलेला असतो. आणि ज्यांनी तो गेम बनवायला चार-पाच वर्षं घातली, त्यांच्या हाती काहीच पडत नाही.

कायदाही आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ‘६५ अ’ आलं. कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा. एन्क्रिप्शनचं संशोधन, मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा तपासणी, यांना याच कलमात मोकळीक आहे. मात्र गोची ‘मालक’ या शब्दात आहे. डबा तुमचा, त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीचं. मग तुमच्या टेबलावरच्या कन्सोलची तपासणी करायला परवानगी कुणाची? तुमची की जपानमधल्या ऑफिसची? तुमच्या मालकीची सीमा त्या उत्तरावर ठरते.

दुसरी बाजूही पोकळ नाही. निन्टेंडोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यूची ऑनलाइन दुकानं बंद केली. फक्त तिथेच मिळणारे गेम आता नव्याने विकत घेता येत नाहीत. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये मोजलं, तर तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. ते जतन करायचे, तर कुणालातरी कुलूप उघडावंच लागणार. बिघडलेला डिस्क ड्राइव्ह स्वतः बदलायचा, तरी कुलूप आडवं येतं. अमेरिकेत तेवढ्यासाठी २०२१ मध्ये खास सूट द्यावी लागली.

यावर एक शहाणा मार्ग मायक्रोसॉफ्टने दाखवला, असं माझं मत आहे. २०१६ पासून साध्या एक्सबॉक्स वनवर, सुमारे २० डॉलर भरून, ‘डेव्हलपर मोड’ अधिकृतपणे सुरू करता येऊ लागला. स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम चालवा, हौस भागवा. चोरीच्या गेमची दारं मात्र बंद. या कन्सोलची मुख्य सुरक्षा पहिली दहा वर्षं तरी कुणी जाहीरपणे फोडून दाखवली नाही. कुलूप चांगलं होतंच. पण फेलओव्हरफ्लोसारख्या गटांना पेटून उठायला कारणही उरलं नव्हतं. सोनीने लिनक्स काढून घेतलं आणि काय ओढवून घेतलं, हे आठवा. मालकाला त्याच्या वस्तूत थोडी मोकळी जागा दिली, की कुलूप तोडायला फक्त चोरच उरतात. दुरून कन्सोल बंद पाडण्याच्या धमकीपेक्षा हा उपाय जास्त टिकाऊ आहे.

तुम्हाला हे वाचून हात शिवशिवत असतील, तर उत्तम. सी भाषा शिका, मेमरी कशी चालते ते समजून घ्या, सुरक्षा स्पर्धांत उतरा. गोव्यात २०१० पासून ‘नलकॉन’ ही परिषद भरतेय, तिथे जाऊन या. जुन्या कन्सोलच्या या गोष्टी अभ्यास म्हणून वाचा. त्या चुका बुजवल्या गेल्यात आणि त्यांच्यावर तपशीलवार लिहिलं गेलंय. आणि खरी चूक सापडली, तर आधी कंपनीला कळवा.

राहता राहिला तो मित्र. पुढच्या वेळी त्याच्याकडे गेलात, तर अपडेटचं बटण दाबू नका, कन्सोल त्याचा आहे. पण एक गोष्ट जरूर विचारा. तू ज्या साखळीची वाट बघतोयस, तिच्या चार कड्या कोणत्या, ते सांग. सांगू शकला, तर त्याच्यासोबत बसा, तुम्हीही शिकाल. नाही सांगू शकला, तर त्याचा फोन हातात घ्या आणि निदान तो तरी अपडेट करून द्या.